अदीबाच्या अब्बांची आरी

नागभीड,
मंगळवार, १५ एप्रिल २००३

सौ. आशाबाई गुणवंतराव यांच्या चरणी (चरण म्हणजे तेच, जे आठवीत शाळेच्या भिंतीवरून उडी मारताना माझ्या डोक्यावर पडले होते) शकिलाचा सलाम आणि नमस्कार, दोन्हींतला जो आधी पोचेल तो ठेवून घे.

मी आणि अदीबा बऱ्या आहोत. गुणवंतरावांचा गुडघा, दिव्यानीचा अभ्यास आणि तुझ्या सासूबाईंचा राग हे तिन्ही आपापल्या जागी सुखरूप असतील अशी आशा करते. सासूबाईंना माझा आदाब सांग आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवू नको. तुमच्या गडचांदुरात ऊन कसं आहे? इथे ते सकाळी आंघोळीच्याही आधी येऊन अंगणात बसतं आणि दिवे लागेपर्यंत उठायचं नाव घेत नाही, आपल्या रेल्वेतल्या मामासारखं. हे पत्र मी शाळेतल्या शुद्ध मराठीत लिहायला घेतलं आहे. मधात कुठे मले-तुले घुसलं तर तसंच वाचून घे, कान पिळायला आता गुरुजी नाहीत.

पाडव्याच्या पत्रात तू विचारलं आहेस, 'शकिला, दिवस कसे काढतेस?' सगळे विचारतात. लोकांना मी 'अल्लाची मर्जी' एवढंच सांगते, मग ते समाधानानं चहा पिऊन जातात. तुला खरं सांगते. मी आरी चालवते. आधी खाली बस, हातात दुधाचं भांडं असेल तर ते ठेव, आणि मग पुढे वाच. हातानं ओढायची आरी नाही, विजेची. लांब पट्टी असते, तिच्याभोवती चेन फिरते आणि चेनला दात असतात. सायकलच्या चेनीला पिसाळलेलं कुत्रं चावलं तर ती जशी होईल, तशीच. आमच्या सुतारकामाच्या दुकानातली तीच, अदीबाच्या अब्बांची. (नाव घ्यायची मला सवय नाही. तुझ्या लग्नात तूच उखाण्यात जबरदस्तीनं घ्यायला लावलंस, तेव्हा 'नूरुद्दीन' म्हणताना मला ठसका लागला होता आणि तुझ्या मामीनं मला गुळाचं पाणी पाजलं होतं.)

ही मशीन त्यांनी नागपूरहून आणली ते तुला सांगितलं होतं का, आठवत नाही. छोट्या लाईनच्या गाडीत, चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसले. ती गाडी तुला माहीतच आहे, तिच्यातून उतरून, बोरं तोडून, परत त्याच डब्यात चढता येते. त्यामुळे प्रवास लांबला आणि समोरच्या बाईला राहवलं नाही. तिनं विचारलं, मुलगा आहे का मुलगी? हे म्हणाले, मुलगी आहे, पण दात आतापासूनच आलेत. ती बाई पुढच्या स्टेशनावर डबा बदलून गेली. घरी आल्यावर त्यांनी दुकानाच्या मधोमध मशीन ठेवली आणि मला कायदे सांगितले. बोर्डातून पिन काढल्याशिवाय चेनीला बोट लावायचं नाही, घरात आग लागली तरी नाही. वायर नेहमी पाठीमागून घ्यायची, चेनीच्या वाटेत कधी नाही. दोन्ही हातांनी धरायची, खांद्याच्या वर कधी उचलायची नाही, पट्टीच्या टोकानं कधी कापायचं नाही. ओल्या जमिनीवर उभं राहायचं नाही. आणि बोर्डाजवळ एक माणूस पाहिजे, जो गडबड दिसली की बटण बंद करेल. तो माणूस म्हणजे मी. इतकी वर्षं मी पोळ्या टाकता टाकता हाक आली की बोर्डापाशी जाऊन उभी राहायची. चेन फिरायची, भुसा उडायचा, आणि माझा हात बटणावर. या घरात मी एवढंच काम केलं असं वाटावं, इतकं ते मी केलं.

मागच्या पावसाळ्यात ते कुरखेड्याकडे एका शेतकऱ्याची बाभूळ पाहायला गेले. (आपल्या भागात लाकूड घ्यायचं म्हणजे आधी माणूस पाहायचा, मग परवान्याचा कागद पाहायचा, मग लाकूड.) बाभूळ आलीच नाही, ताप आला. साधा मलेरिया म्हणून आम्ही गोळ्या दिल्या, तो डोक्यात चढला. गडचिरोलीच्या दवाखान्यात त्यांना कोणी ओळखू येईना. मला एकच सांगत होते, 'बोर्ड बंद कर, शकिला, बोर्ड बंद कर.' मी दर वेळी म्हणायची, केला. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, म्हणून मी बोलत राहिले, केला, बंद केला, पिनही काढली. त्यांना काही विश्वास बसला नाही. पोळ्याच्या आधी ते गेले.

आता एक गोष्ट, जी मी त्या वेळच्या पत्रात तुला लिहिली नव्हती. आमच्यात मय्यत कबरीत ठेवली की तिच्यावर लाकडाचे पाट आडवे लावतात आणि मग माती ढकलतात, म्हणजे माती अंगावर पडत नाही. आमच्या मोहल्ल्यातले पाट कित्येक वर्षं अदीबाचे अब्बाच कापून द्यायचे. कोणी गेलं की मशिदीकडून माणूस यायचा, हे हातातलं काम ठेवून आधी ते करायचे. पाट एकाला एक असे लागून बसले पाहिजेत की मधून दाणाभर माती जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. ते गेले त्या दिवशी दुकानात फळ्या होत्या, पण लांब होत्या. चंद्रपूरहून माझे दीर रईसभाई आले होते. त्यांनी मशीन चालू करून पाहिली, ती हातात उडाली, त्यांनी सोडून दिली. तेवढ्यात विजेची लाईन गेली आणि पाऊस आला. शेवटी कुऱ्हाडीनं तोडल्या. आम्ही बाया कबरस्तानात जात नाही, मी पाहिलं नाही. पण अंगणात पडलेले ढलपे पाहिले, आणि टोकं कशी झाली असतील ते ढलप्यांवरून कळतं. मी इतकी वर्षं भुसा झाडला आहे.

रईसभाईंचं मन चांगलं आहे, हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल वाकडं लिहिणार आहे. चाळिसावा झाला तसं त्यांनी सांगितलं की भाभी, दुकान मोडून टाकू, मशीनला गिऱ्हाईक मी पाहतो, तू आणि अदीबा चंद्रपूरला आमच्यात चला. (आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, तुझ्यासाठी मराठीत करून लिहिते, त्यात त्यांचा गोडवा थोडा सांडतो.) मी म्हटलं, इद्दत होऊ द्या. इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात बसायचे महिने. मी बसले. बसल्या बसल्या करायला काही नसतं. समोर दुकान, दुकानात मशीन, मशीनवर धूळ. एक दिवस धूळ पुसली. दुसऱ्या दिवशी तिचं पुस्तक काढलं.

ते पुस्तक तू पाहायला पाहिजे. इंग्रजीत आहे, आणि मागे आणखी कुठल्या तरी भाषेत, जिच्यात प्रत्येक अक्षर जखमी झाल्यासारखं दिसतं. पण चित्रं आहेत. एक माणूस आहे, त्याला नाक-डोळे नाहीत. तो प्रत्येक चित्रात काहीतरी चुकीचं करतो आणि त्याच्यावर फुली मारलेली आहे. शिडीवर चढून कापतो, फुली. पावसात कापतो, फुली. एका हातानं कापतो, फुली. बिचाऱ्याला अख्ख्या पुस्तकात एकदाच फुली नाही, तेव्हा तो नुसता उभा आहे. अदीबा शब्द जोडून जोडून वाचायची आणि मी मान हलवायची. आमच्या दोघींच्या अकलेनं आम्ही चेन काढली, साफ केली, परत बसवली. इद्दत संपली त्या आठवड्यात मी बिस्मिल्ला म्हणून पिन लावली, अदीबाला बोर्डापाशी उभं केलं, आणि एका जुन्या दांड्यावर चेन ठेवली. मशीन ओरडली, दांडा काही कापेना. जोर दिला, धूर निघाला. अजून जोर दिला, लाकूड काळं झालं आणि दुकानात होळीसारखा वास सुटला. अदीबानं बटण बंद केलं आणि शांतपणे विचारलं, 'अम्मी, दात कुठीकडे पाहून राह्यले?' दात मागे पाहत होते. चेन उलटी बसवली होती. दहा मिनिटं मी लाकूड कापलं नाही, त्याची पाठ खाजवली.

चेन सरळ झाली तर तेल संपलं. या मशीनला स्वतःचं तेल लागतं, ते पट्टीवर थोडं थोडं सुटत राहिलं पाहिजे, नाहीतर चेन तापून ताणली जाते, सैल होते आणि घसरते. ते तेल नागभिडात मिळालं नाही. मी विचार केला, तेल ते तेल, घरात जवसाचं आहे, माणसं खाऊन जगतात तर मशीन काऊन नाई जगणार? ओतलं. पहिल्या दिवशी फार छान चाललं. फक्त गरम चेनीवर जवसाचं तेल तापून असा वास सुटला की शेजारची केसरबाई (मुरमुऱ्याची भट्टी आहे ना, तीच, तू तिच्याकडून उधार मुरमुरे आणायचीस) ताटली घेऊन आली, काय तळून राह्यली म्हणून. दुसऱ्या दिवशी चेन हलेना. जवसाचं तेल वाळलं की खळ होते, हे मला खाटांना तेच तेल लावणाऱ्या माणसाच्या बायकोला माहीत नसावं, यावर तू हसून घे. आम्ही मायलेकी दुपारभर घासलेटात चेन बुडवून दातांतली खळ काडीनं काढत बसलो. नंतर ब्रह्मपुरीहून बरोबर तेल आणवलं. तेव्हापासून केसरबाई तळणाची वाट पाहते.

मग कपडे. ओढणी चेनीत गेली तर काय होईल ते पुस्तकात चित्र नाही, पण ते मला चित्राशिवाय कळलं. साडी तशीच, कुर्त्याच्या बाह्या तशाच. मी पेटी उघडली आणि त्यांचा कामाचा शर्ट आणि पँट काढली. धुऊन ठेवली होती, तरी खिशाच्या शिवणीत भुसा होता. बूट मोठे झाले, त्यात चिंध्या कोंबल्या. डोळ्यांना त्यांचा चष्मा, डोक्याला घट्ट रुमाल. अदीबानं पाहिलं आणि दप्तर उचलून शाळेत निघून गेली. मी दुकानात पाठमोरी उभी राहून चेन किती ताणली आहे ते पाहत होते. (पट्टीपासून थोडी उचलली गेली पाहिजे, पण लोंबली नाही पाहिजे. फार घट्ट केली तर मशीन रडते, सैल ठेवली तर माणूस.) तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. केसरबाई मुरमुऱ्यांचं सूप घेऊन दारात आली होती, आणि आता सूप खाली होतं, मुरमुरे दुकानभर, आणि ती भिंतीला धरून उभी. 'नूरुभाऊ,' एवढंच म्हणाली. मी वळले. मग आम्ही दोघी खाली बसून भुशातले मुरमुरे वेचत राहिलो, जे कोणी खाणार नव्हतं. जाताना ती म्हणाली, 'शकिला, घाल बाई तू हे कपडे. पण पाठ करून उभी नको राहू. कोनाले पाहवत नाई.' तेव्हापासून मी दाराकडे तोंड करून काम करते. त्याचा फायदा असा की गिऱ्हाईक आलेलं दिसतं. आलं मात्र कोणी नव्हतं.

पहिलं आलं ते मंगरू. तळोधीकडचा म्हातारा गोंड शेतकरी आहे, त्याचं सगळं काम आमच्याकडेच व्हायचं. त्याला बैलांसाठी जू पाहिजे होतं. मी सांगितलं, ते नाहीत, मी कापून देईन, तासायला सुतार आणते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि 'बरं' म्हणून बाभळीचा ओंडका खाली टाकला. अदीबा शाळेत. बोर्डाजवळ माणूस नाही. मी म्हटलं, एकच तुकडा तर आहे. (हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाचं चित्र पुस्तकात का नाही, कोण जाणे.) ओंडक्याच्या मागे दुसरा ओंडका पडला होता, तो मी पाहिला नाही. पट्टीचं टोक त्याला लागलं, आणि आशा, मशीन माझ्याकडे आली. कापायचं सोडून उलटी उसळली, तोंडापर्यंत. पुढच्या हाताजवळ एक पट्टा असतो ब्रेकचा, माझं मनगट त्याच्यावर आपटलं आणि चेन जागच्या जागी थांबली. माझ्या रुमालाचं टोक कापलं गेलं होतं. दुसरं काही नाही. मी भुशात बसले. मंगरू उठला, आधी भिंतीपाशी जाऊन पिन काढली, मग माठातलं पाणी आणून दिलं आणि समोर उकिडवा बसला. म्हणाला, 'बाई, जुनं जू अजून चालते. मले घाई नाई.' तो दुसरं काही म्हणाला असता तर मी दुकान तिथेच बंद केलं असतं.

त्यानंतर मी केसरबाईला बोर्डावर नेमलं. पगार म्हणून लाकडाचे तुकडे, तिच्या भट्टीला लागतात. तिची नोकरी अशी चालते. मशीन चालू होते, ती डोळे मिटते. डोळे मिटल्यावर भीती वाटते, मग बटण बंद करते. मी विचारते, काय झालं? ती म्हणते, 'काई नाई, पाहून राह्यली होती बंद होते का.' कधी तिला काही आठवतं. अर्ध्या कापात मशीन एकदम चूप होते, आणि केसरबाई सांगते की पोस्टमनच्या सुनेला दिवस गेले. पण तिला एक कळतं, जे मला मान्य करायचं नव्हतं. ती मला रोज म्हणायची, 'बाई, मशीन जेवून नाई राह्यली, नुसती चावून राह्यली.'

खरं होतं. धार असली की चेन लाकडाचे चांगले चकले काढते. धार गेली की भुसा पिठासारखा बारीक पडतो, हात जास्त जोर देतो, आणि जोर दिला की घात होतो. रोज संध्याकाळी पीठ पडत होतं आणि मी ते झाडत होते. गोल कानस खिळ्याला टांगलेली होती. मी तिला हात लावत नव्हते. आशा, त्या दातांना शेवटची धार त्यांनी लावली होती, कुरखेड्याला जायच्या आदल्या संध्याकाळी, दारात बसून. एकेक दात, आतून बाहेर, सगळ्यांना सारखी कानस. मी समोर तांदूळ निवडत होते. घरात त्यांच्या हातचं आणखी पुष्कळ आहे, खाट आहे, दार आहे, अदीबाचा पाट आहे. पण ते सगळं झालेलं काम आहे. ही धार अजून काम करत होती. मी कानस फिरवली की ती जाणार, आणि खाली नुसतं लोखंड राहणार. म्हणून मी जोर देत राहिले. मशीन तापायची, मोटारीतल्या कार्बनचा जळका वास यायचा, केसरबाई बटण बंद करायची, मी तिच्यावर चिडायची. कोणाला सांगायचं हे? सांगितलं असतं तर म्हणाले असते, दातांसाठी रडून राह्यली.

मार्चमध्ये आमच्या गल्लीतली खाला वारली. तू तिला ओळखतेस, म्हातारी, पान खायची, तुला कायम 'आशाबी' म्हणायची. माझ्या इद्दतीत रोज दुपारी येऊन बसायची ती एकटीच. सांत्वन करायची नाही, बसल्या बसल्या झोपायची, आणि तिच्या घोरण्यानं घरात माणूस असल्यासारखं वाटायचं. सकाळी ती गेली आणि मशिदीकडून माणूस आला, तोच, नेहमीचा, कबर खोदणारा. सवयीनं बाहेरूनच हाक मारली त्यानं, 'नूरुभाई, पाट...' आणि थांबला. आत आला तर मी त्या कपड्यांत उभी. तो खाली पाहून म्हणाला, चुकलं, मोठ्या आरा मशीनवर जातो, तिथून कापून आणतो. मी म्हटलं, कुठे जाऊ नका, माप सांगा.

लाईन नव्हती. दुपारपर्यंत येणार नाही असं सगळे म्हणत होते, आणि दुपारच्या नमाजनंतर न्यायचं होतं. मी फळ्या लाकडाच्या घोडीवर लावल्या, मापाच्या खुणा केल्या, आणि मग टाळत बसायला काही उरलं नाही. त्या दातांनी मला सरळ कापता येणार नव्हतं. टोकं उसवली असती, ढलपे निघाले असते. मी कानस काढली. पिन काढलेलीच होती, तरी पुन्हा पाहिली. दारात बसले. पहिल्या दाताला हात जाईना. मग खालाचं तोंड आठवलं, आणि ते अंगणातले ढलपे. फिरवली. लोखंडाची बारीक चमकी मांडीवर पडली, त्यांच्या पँटवर. दुसरा दात. तिसरा. केसरबाई समोर बसली होती, तिनं पहिल्यांदाच आयुष्यात तोंड उघडलं नाही. सगळे दात झाले तेव्हा मी चेन उन्हात धरून पाहिली. धार बरी आली होती. त्यांच्यासारखी नाही, पण आली होती.

लाईन आली तशी केसरबाई बोर्डाजवळ गेली. मी कापत गेले. पीठ पडलं नाही, चकले पडले, मोठे, ओलसर, आणि फळी हातातल्या हातात सुटत गेली. केसरबाईनं एकदाही बटण बंद केलं नाही. डोळेही मिटले नाहीत. पाट उचलून न्यायला माणसं आली, मी बाजूला झाले आणि ओढणी शोधू लागले. संध्याकाळी तो माणूस परत आला. दाराबाहेर उभं राहून त्यानं एवढंच सांगितलं की पाट एकाला एक लागून बसले, माती आत गेली नाई. मी 'बरं' म्हटलं, दार लावलं आणि अदीबाच्या अब्बांसाठी जेवढं रडायचं राहून गेलं होतं, तेवढं सगळं रडले. खालाच्या नावानं रडले, म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

असे दिवस काढते. आता मंगरूचं जू झालं आहे, त्यानं गावात सांगितलं, त्यामुळे वखराची दोन कामं आली आहेत आणि एक खाट. चेन मी रोज साफ करते. वायर जाड घेतली, जुनी तापायची. बोर्ड गुणवंतरावांना दाखवण्यासारखा आहे (विजेतलं त्यांना कळतं), पण त्यांच्या गुडघ्याला नागभीडचे रस्ते सोसणार नाहीत. दिव्यानीला खूप खूप दुआ. सासूबाईंना पुन्हा आदाब. चुकलं-माकलं माफ कर, पत्र लांबलं ते मशीनवर ढकल.

तुझीच,
शकिला

ता. क. – मूळ काम लिहायचंच राहिलं. रईसभाई येत्या रविवारी येणार आहेत, सोबत आमचे मोठे मामा-सासरे. मशीनला गिऱ्हाईक मिळालं आहे, आणि अदीबाचं नाव चंद्रपूरच्या शाळेत घालायचं ठरलं आहे. ठरवलं कोणी, ते विचारू नको. मोठ्यांसमोर मला 'जी' शिवाय शब्द सुचत नाही, हे तुला माहीत आहे. तुला मात्र शब्द सुचतात. काही करून शनिवारी ये आणि रविवारी माझ्या बाजूला बस. तुझी जीभ मला एका दिवसासाठी पाहिजे. सासूबाईंना सांग, शकिलाला बरं नाही.

दुसरा ता. क. – शनिवार. पत्र टपालात टाकायचं राहिलं (केसरबाईकडे दिलं होतं, तिनं मुरमुऱ्यांच्या डब्याखाली जपून ठेवलं), आणि रईसभाई रविवारची वाट न पाहता कालच आले, एकटे. मामा-सासऱ्यांना ऊन लागलं. मी चहा ठेवला. ते म्हणाले, 'भाभी, सामान किती आहे? टेम्पो सांगतो.' मी बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, 'मी येत नाई, रईसभाई.' बस, एवढंच. माझंच मला ऐकू आलं, तेव्हा मी घाबरले. ते उठून मशीनपाशी गेले. मग विचारलं, हिच्यानं हात नाही ना कापणार? मी म्हटलं, कायद्यानं वागलं तर नाही. त्यांनी आणखी एक कप चहा मागितला, अदीबाच्या डोक्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते त्यांचं ते पाहतील.

म्हणजे आता तुझ्या जिभेची गरज उरली नाही. वरचा ता. क. खोडणार होते, पण कागद फाटेल म्हणून ठेवला. तरी दिव्यानीची परीक्षा झाली का तू ये. काही काम नाई. दिवसभर मी आवाजात असते, तो कानाले बरा वाटते. संध्याकाळी पिन काढली का घर असं चूप होते, का अदीबा पान उलटते तेही मले दुसऱ्या खोलीत ऐकू येते. येऊन बस जराशी. काही बोल. तुह्या सासूबाईचंच बोल, पण बोल.